चिलखतात उभे राहण्याची तयारी : खान्देशातील मुलींसाठी मार्गदर्शन

मध्ययुगीन चिलखती लढत पाहणाऱ्याला तलवारीचा खेळ वाटते, पण प्रत्यक्षात तो पायांचा आणि कंबरेचा खेळ आहे. ज्या मुलींना यात उतरायचे आहे, त्यांनी एवढी गोष्ट आरंभीच मनाशी पक्की केली, तर त्यांचा बराच वेळ आणि पैसा वाचेल, आणि अनेक दुखापतीही टळतील. युरोपात ‘बुहर्ट’ या नावाने चालणाऱ्या या सांघिक लढतीत दोन्ही संघ लाकडी कठड्याने बंदिस्त केलेल्या रिंगणात उतरतात. अंगावर ऐतिहासिक नमुन्यांबरहुकूम घडवलेले पोलादी चिलखत असते, शस्त्रे पोलादी पण बोथट असतात, आणि दोन पावलांखेरीज शरीराचा कोणताही तिसरा भाग जमिनीला टेकला की ती खेळाडू त्या फेरीपुरती बाद होते. शस्त्र खुपसण्यास पूर्ण बंदी आहे. गुडघ्यामागची लवण, पाऊल, जांघ आणि मानेची मागची बाजू येथे वार करता येत नाही, आणि सांधा पिरगाळणेही निषिद्ध आहे. मात्र ढकलणे, अडकवणे, पाय घालून पाडणे आणि अंगावर घेऊन फेकणे हे सारे चालते, किंबहुना त्यावरच फेरीचा निकाल ठरतो. महिलांच्या सांघिक लढती प्रामुख्याने पाचास पाच अशा होतात. द्वंद्वाचा प्रकार वेगळा असून त्यात स्वच्छ लागलेल्या फटक्यांचे गुण मोजले जातात.

आजच्या स्वरूपातील हा खेळ तरुण आहे. ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ ही देशादेशांतील पहिली मोठी स्पर्धा 2010 मध्ये युक्रेनमधील खोतिन किल्ल्यात भरली. पुढे 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय मध्ययुगीन लढत महासंघ स्थापन झाला आणि 2014 मध्ये स्पेनमधील बेलमोंते किल्ल्यात त्याची जागतिक स्पर्धा झाली. स्त्रियांनी हातात शस्त्र घेणे मात्र मुळीच नवे नाही. तलवारबाजीचे जे सर्वांत जुने युरोपीय हस्तलिखित आज उपलब्ध आहे, ते 1300 च्या सुमाराचे असून इंग्लंडमधील लीड्स येथील शस्त्रसंग्रहालयात जपलेले आहे. त्याच्या अखेरच्या पानांवर वालपुर्गिस नावाची स्त्री तलवार आणि छोटी ढाल घेऊन धर्मगुरूबरोबर सराव करताना चितारलेली आहे. ती तेथे कोणत्याही नवलाईशिवाय, इतर शिष्यांप्रमाणेच उभी आहे.

सुरुवात आखाड्यातून

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये चिलखती लढतीचा सराव रोजच्या रोज करता येईल अशी सोय आज नाही, आणि त्यामुळे निराश होण्याचे कारणही नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटन, पोलंड, फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत जाणाऱ्या मुली आता आपल्याकडेही पुष्कळ आहेत आणि त्या देशांत या खेळाचे क्लब आहेत. येथे वर्षभर नीट तयारी करून गेलेली मुलगी तिथल्या क्लबात पहिल्याच महिन्यात उपयोगी ठरते, हे मी खात्रीने सांगते, कारण कुस्ती करून आलेल्या मुलीला ज्या गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतात, त्या इतरांना चिलखताच्या ओझ्याखाली नव्याने शिकाव्या लागतात.

म्हणून पहिले पाऊल आखाड्याकडे टाकावे. सगळ्याच तालमी मुलींना प्रवेश देत नाहीत, हे खरे आहे. परंतु जिल्हा क्रीडा संकुलांत आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत महिलांची कुस्ती आणि ज्युदो यांची वाट खुली आहे, आणि 2023 मध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्यापासून वस्तादांशी हा विषय काढणेही पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. वस्तादांना आपला हेतू मोकळेपणाने सांगावा. ‘मला खाली न जाता, उभ्याने झुंजायला शिकायचे आहे’ एवढे स्पष्ट सांगितले, तर जाणता वस्ताद त्याप्रमाणे शिकवणी आखतो.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा लागतो. आखाड्यात पट काढणे, म्हणजे खाली झुकून समोरच्याचे पाय धरून ओढणे, हा पहिला आणि हुकमी डाव असतो, परंतु पट काढताना गुडघा किंवा हात मातीला लागतो आणि बुहर्टमध्ये तेवढ्यानेच आपण बाद होतो. त्यामुळे एकेरी पट, दुहेरी पट आणि खाली बसून केलेले सगळे डाव बाजूला ठेवावेत. मान आणि दंड यांची पकड, ढाक, टांग आणि कंबरेवर घेऊन फेकण्याचे डाव यांवर भर द्यावा. त्यातही प्रतिस्पर्ध्याला पाडल्यावर आपण तिच्यावर न कोसळता उभेच राहायचे असते, आणि आखाड्यातील सवय याच्या नेमकी उलट असते. जोडीदारणीला टांग मारून पाडल्याबरोबर तिचे अंग सोडून द्यायचे, उजवा पाय मागे घ्यायचा आणि मान वर करून आजूबाजूला पाहायचे, हा क्रम इतका घोटावा की तो विचार न करता घडावा. सांघिक लढतीत खेळाडू बहुधा बाद होते ती समोरच्या खेळाडूमुळे नव्हे, तर एकीला पाडण्याच्या नादात बगलेतून आलेल्या दुसरीच्या धक्क्याने.

अंग कसे घडवावे

पूर्ण चिलखताचे वजन साधारण वीस ते तीस किलो भरते. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलीला हे ओझे तिच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास जाते, तर ऐंशी-नव्वद किलोच्या पुरुषाला ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहते. यावरून तयारीचा क्रम ठरवावा. बैठका, जोर, खांद्यावर वजन घेऊन चालणे आणि वजन उचलण्याचे मूलभूत प्रकार, म्हणजे स्क्वॉट आणि डेडलिफ्ट, हे वर्षभराचे काम आहे. गुडघ्याच्या आतील अस्थिबंधाची दुखापत वळणे-थांबणे असलेल्या खेळांत मुलींना मुलांपेक्षा अधिक प्रमाणात होते. त्यामुळे एका पायावरच्या बैठका, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम यांना कधीही सुट्टी देऊ नये.

मानेचा व्यायाम लोक विसरतात, आणि मी तो सर्वांत महत्त्वाचा मानते. शिरस्त्राण चार ते सहा किलोचे असते आणि त्यावर कुऱ्हाडीचा फटका बसला की कवटी वाचते, पण डोके हलते. डोके जितके कमी हलेल तितका मेंदूला कमी धक्का बसतो, आणि डोके स्थिर ठेवण्याचे काम मान करते. कपाळाला, कानशिलाला आणि डोक्याच्या मागे हात लावून मानेने विरोध करण्याचा साधा व्यायाम रोज करावा. आखाड्यातील पूल, म्हणजे पाठ उचलून डोके आणि पाय यांवर अंग तोलण्याचा व्यायाम, वस्तादांच्या देखरेखीखालीच आणि हळूहळू वाढवत जावा.

आहाराविषयी वेगळे काही शोधण्याची गरज नाही, कारण आपल्या घरातले अन्न या कामाला चांगले आहे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, तीळ, अंडी, दही आणि सरावाआधी एखादे केळे एवढ्यावर भक्कम तयारी होते. मात्र रक्तातील हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय जड सराव सुरू करू नये. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्ताक्षय असल्याचे आढळले, आणि लोह कमी असलेली मुलगी चिलखतात दोन मिनिटांत दमते व स्वतःच्या इच्छाशक्तीला दोष देत बसते. जेवणाबरोबर लिंबू किंवा आवळा घ्यावा, जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

शस्त्राचा सराव आणि कायदा

पहिल्या वर्षी पोलादी शस्त्राची गरज नाही. फोम गुंडाळलेली काठी, तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा, हातमोजे आणि कोपर-गुडघ्यांचे पॅड एवढ्यावर जोडीने सराव करता येतो. फटक्यात जोर आणण्यासाठी ट्रॅक्टरचा जुना टायर कडुलिंबाच्या फांदीला छातीच्या उंचीवर टांगावा आणि दीड किलोच्या लाकडी दांड्याने त्यावर वार करावेत. वार मनगटाने न मारता मागच्या पायाची टाच वळवून कंबरेतून काढावा, आणि दांडा टायरवर आदळल्यावर तो मागे उसळतो त्या उसळीतच पुढचा वार भरावा, म्हणजे खांदा लवकर थकत नाही. दोन मिनिटे सलग वार, एक मिनिट विश्रांती अशा फेऱ्या कराव्यात आणि शेवटच्या फेरीत तोंडात माउथगार्ड ठेवून केवळ नाकाने व दातांच्या फटीतून श्वास घेण्याची सवय लावावी.

बोथट असली तरी तलवार घेऊन रस्त्याने किंवा मोकळ्या मैदानावर जाऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणवार, यात्रा आणि निवडणुका यांच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात. त्यांत सार्वजनिक जागी तलवारी, भाले, काठ्या बाळगण्यास बंदी असते आणि बोथट शस्त्राला सवलत आहे असे गृहीत धरता येत नाही. परदेशातून शस्त्र मागवण्याच्या भानगडीत तर नवोदित मुलीने पडूच नये. शस्त्रे क्लबात वापरायला मिळतात आणि ती तेथेच ठेवावीत.

गँबेसन : हे येथेच शिवून घ्यावे

चिलखताखाली जो जाड, टाके घातलेला कपड्याचा अंगरखा घालतात त्याला गँबेसन म्हणतात. पत्रा धार अडवतो आणि फटका पसरवतो, पण उरलेला धक्का शोषण्याचे काम या अंगरख्याचे असते. साखळ्यांचे चिलखत तर धक्का जवळजवळ अडवतच नाही, आणि म्हणून त्याखाली गँबेसन नसेल तर हाड मोडू शकते. खान्देशातील मुलीला हा एक भाग परदेशातून मागवण्याचे काहीही कारण नाही. आपल्याकडे कापूस पिकतो, पिंजणारे आहेत आणि गोधडी शिवणारे हात घरोघरी आहेत, आणि गँबेसन म्हणजे अंगाच्या मापाने बेतलेली गोधडीच होय.

आतून आणि बाहेरून धुतलेले, आटून झालेले मांजरपाट वापरावे. मध्ये पिंजलेल्या कापसाचा थर किंवा जुन्या सुती कापडाच्या अनेक घड्या घालाव्यात. खांदे, कॉलर आणि वरचा दंड येथे थर जाड ठेवावा, काखेत आणि कोपराच्या वळणात पातळ ठेवावा. उभ्या टाक्यांच्या रेघा चार बोटांपेक्षा अधिक अंतरावर नसाव्यात, नाहीतर दोन महिन्यांत कापूस खाली सरकतो आणि खांद्यावर नुसते कापड उरते. पॉलिस्टरचा वाडिंग स्वस्त मिळतो आणि लवकर वाळतो, परंतु आपल्या हवेत तो अंगाला भाजून काढतो, त्यामुळे सुती थराचाच आग्रह धरावा.

शिंप्याला माप देताना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. काखेत डायमंडच्या आकाराचा जादा तुकडा घालावा, म्हणजे हात वर केल्यावर संपूर्ण अंगरखा वर ओढला जात नाही. कंबर नेमकी कंबरेवर, म्हणजे नाभीच्या थोडी वर घट्ट बसावी आणि तेथून खाली घेर सुटा असावा. छातीवर कापड ताणले जाऊ नये, म्हणून माप खेळासाठी वापरायची घट्ट बिनतारेची ब्रा घालूनच द्यावे. आणि पुढच्या कडेला, कंबरेच्या रेषेवर, दोन्ही बाजूंना मजबूत काजे करून घ्यावीत, कारण पायांचे चिलखत त्यांत नाडी ओवून बांधायचे असते. शिवून आल्यावर ते घालून बैठक मारावी, हात डोक्यामागे न्यावेत, पुढे वाकून पायाच्या अंगठ्याला हात लावावा. यांपैकी काही अडले, तर उसवून पुन्हा बेतून घ्यावे, कारण पुढचे सगळे माप यावरच बसणार असते.

चिलखताचे माप

1429 मध्ये जोन ऑफ आर्कला फ्रान्समधील तूर शहरात तिच्या मापाचे चिलखत घडवून दिले गेले आणि त्यासाठी राजाच्या खजिन्यातून 100 लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) मोजले गेले. सहाशे वर्षांपूर्वी जी गोष्ट उघड होती, ती आजही मुलींना पुन्हा पुन्हा सांगावी लागते: पुरुषाच्या मापाचे चिलखत पट्टे आवळून स्त्रीला बसवता येत नाही. पुरुषांच्या नमुन्यात धड लांब असते आणि कंबर खाली येते. ते आपण घातले की वाकताना खालची कड मांडीत रुतते, वरची कड गळ्याशी चढते आणि सगळे वजन खांद्यांवर लटकते. नीट बसलेल्या चिलखतात वजन कंबरेवर उतरते आणि खांदे मोकळे राहतात. म्हणून एखाद्या मुलीला क्लबातले उसने चिलखत ‘जड’ वाटले, तर तिने आपल्या ताकदीवर शंका घेण्याआधी कंबरेची रेषा कोठे आली आहे ते तपासावे.

सर्व मापे गँबेसन घालूनच घ्यावीत. छाती, कंबर आणि नितंब यांचे घेर, खांद्याच्या हाडापासून कंबरेपर्यंतची उंची, कोपर सरळ आणि पूर्ण वाकवून अशी दोन्ही मापे, मांडीचा सर्वांत जाड घेर, गुडघ्याच्या मध्यापासून घोट्यापर्यंतची लांबी, आणि शिरस्त्राणासाठी कपाळावरून डोक्याचा घेर व हनुवटीपासून टाळूपर्यंतची उंची, ही मापे दुसऱ्या व्यक्तीकडून दोनदा घ्यावीत. त्यानंतर पुठ्ठ्याचा नमुना करून पाहावा. रावेर-सावद्याकडे केळीच्या निर्यातीसाठी वापरतात ते जाड पुठ्ठ्याचे खोके यासाठी उत्तम आहे. छातीचा, पाठीचा आणि मांडीचा भाग त्यातून कापून, चिकटपट्टीने जोडून, अंगावर चढवून एकदा पूर्ण बैठक मारली, की कोणती कड कोठे रुतते हे पैसे खर्च होण्याआधीच दिसते. त्या पुठ्ठ्यांची मापे आणि छायाचित्रे कारागिराला पाठवावीत.

छातीच्या पत्र्याविषयी स्पष्टच लिहिते, कारण चित्रांनी आणि गेमनी यात फार घोळ केला आहे. दोन उभार असलेला पत्रा हा धोकादायक आहे, कारण दोन्ही उतारांवरून घसरलेला फटका मधल्या खाचेत, म्हणजे थेट छातीच्या हाडावर येतो. पंधराव्या शतकातील छातीचे पत्रे मुळातच मध्यभागी एकसंध फुगीर आहेत. तो फुगवटा फटका बाजूला वळवतो आणि आत स्तनांना पुरेशी जागाही ठेवतो. नवोदित मुलीसाठी मात्र एकसंध पत्र्यापेक्षा ब्रिगँडाइन, म्हणजे कापडाच्या किंवा चामड्याच्या जाकिटाला आतून छोट्या पत्र्यांच्या पट्ट्या रिव्हेटने बसवलेला प्रकार, मी अधिक योग्य मानते, कारण त्यात शरीर वळते आणि वजन थोडे वाढले-घटले तरी बाजूचे पट्टे सैल-घट्ट करता येतात.

पत्र्याची जाडी विचारून घ्यावी. शोभेची चिलखते आपल्या देशातही बनतात आणि निर्यात होतात, पण ती बहुधा अठरा गेजच्या, म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटरच्या साध्या पत्र्याची असतात आणि ती लढतीसाठी मुळीच नाहीत. शिरस्त्राण साध्या पोलादाचे असेल तर चौदा गेज, म्हणजे दोन मिलिमीटर, याच्या खाली जाऊ नये. उष्णोपचार केलेले स्प्रिंग स्टील अधिक महाग असते, परंतु ते पातळ असूनही टिकते आणि हलक्या खेळाडूला त्याचा फायदा सर्वाधिक होतो. त्यामुळे पैसा तेथे खर्चावा आणि नक्षीवर, पितळी कडांवर खर्चू नये. एमआयडीसीतील एखादा कुशल फॅब्रिकेटर कोपर आणि गुडघ्याच्या वाट्या ठोकून देऊ शकेल, पण शिरस्त्राण आणि लोखंडी हातमोजे हे दोन भाग या खेळाचेच काम करणाऱ्या कारागिराकडून घ्यावेत, कारण बोटे आणि डोके यांवर प्रयोग करता येत नाही. युक्रेनमध्ये आणि पूर्व युरोपात असे कारागीर बरेच आहेत. पूर्ण संचाला दीड ते तीन लाख रुपयांची तयारी ठेवावी, आणि ती रक्कम हाती नसेल तर क्लबातील उसन्या चिलखतावर पहिले वर्ष काढण्यात काहीही कमीपणा नाही.

संच निवडताना काळ आणि प्रदेश यांची शिस्त पाळावी लागते. शिरस्त्राण, अंगाचे चिलखत आणि शस्त्र हे एकाच प्रदेशातले आणि साधारण पन्नास वर्षांच्या काळातले असावेत, आणि त्यासाठी चित्र, शिल्प किंवा संग्रहालयातील वस्तू यांचा आधार दाखवावा लागतो. खान्देशच्या फारुकी सुलतानांच्या काळातील दख्खनी चिलखत घालून थाळनेर-लळिंग या किल्ल्यांचे नाव रिंगणात न्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि मलाही ते मनापासून वाटते. परंतु साखळी व पत्रा एकत्र असलेल्या त्या चिलखताला सांध्यांवर बरेच अतिरिक्त अस्तर लागते आणि आधार गोळा करण्यास अभ्यास लागतो. पहिला संच चौदाव्या-पंधराव्या शतकातील युरोपीय नमुन्याचा घ्यावा आणि तो अभ्यास सावकाश चालू ठेवावा.

जे कोणी सांगत नाही

केसांची एक घट्ट वेणी घालून ती गँबेसनच्या आत सोडावी. डोक्यावर अंबाडा बांधला तर शिरस्त्राण वर उचलले जाते आणि फटक्याचा भार एका ठिकाणी येतो. कानातले, नाकातले, बांगड्या आणि मंगळसूत्र उतरवून ठेवावे. जांघेच्या संरक्षणासाठी स्त्रियांचे वेगळे गार्ड मिळते, ते नक्की वापरावे. मासिक पाळीत लढायचे की नाही हे प्रत्येकीने आपल्या अंगावरून ठरवावे. लढायचे असल्यास कपडे चढवण्याआधी सर्व व्यवस्था करून घ्यावी, कारण पूर्ण चिलखत उतरवून पुन्हा चढवायला अर्धा तास सहज जातो. याच कारणासाठी मुली पाणी कमी पितात आणि मग चक्कर येऊन पडतात. गरोदरपणात किंवा तशी शंका असताना रिंगणात उतरू नये.

चढवण्याचा क्रम खालून वर असा असतो: आधी बूट आणि नडगीचे पत्रे, मग गँबेसन, त्याला बांधलेले मांड्यांचे भाग, नंतर ब्रिगँडाइन, हात, मग अस्तराच्या टोपीसह शिरस्त्राण, आणि सर्वांत शेवटी हातमोजे. पाठीवरचे पट्टे आपले आपल्याला लागत नाहीत, त्यामुळे एका साथीदारणीला हे सगळे शिकवून ठेवावे. शिरस्त्राणाचा हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर तिने दोन्ही हातांनी ते धरून पुढे, मागे आणि बाजूला ओढून पाहावे. ते डोक्यासकट हलले तर ठीक, डोक्याशिवाय हलले तर पट्टा पुन्हा आवळावा.

उन्हाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि अशा हवेत गँबेसन घालून सराव करणे जिवावर बेतू शकते. पूर्ण अंगरखा आणि वजन घेऊन करायचा सराव नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, सकाळी करावा. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत फक्त आखाडा आणि फोमची काठी, आणि तेही सूर्य वर येण्याआधी. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी जवळ ठेवावे. सराव करणारी मुलगी असंबद्ध बोलू लागली, तोल जाऊ लागला, तर थांबून विचारपूस करत बसू नये. तिचे कपडे सैल करून, अंग ओले करून, वारा घालत दवाखान्यात न्यावे, कारण तो उष्माघात असू शकतो.

घरच्यांशी बोलणे

‘हातपाय मोडीसन बसशी, मंग लगीन कोन करी?’ हा प्रश्न आजीकडून येणारच, आणि त्यामागे काळजी आहे हे ओळखूनच उत्तर द्यावे. आईला आणि वडिलांना लढतीची चित्रफीत दाखवण्याआधी शिरस्त्राण, नियम आणि पंच यांविषयी समजावून सांगावे, त्यांना एकदा आखाड्यात आणून वस्तादांशी बोलू द्यावे, आणि विम्याचे कागदही दाखवावेत. इतिहासाचा आधारही चालतो. अहमदनगरच्या तटाला 1596 मध्ये सुरुंगाने खिंडार पडले तेव्हा चांदबीबी चिलखत घालून, तलवार उपसून त्या खिंडारात उभी राहिली, आणि त्या वेळी आपल्या खान्देशचा राजा अली खान फारुकी वेढा घालणाऱ्या मोगलांच्या बाजूने बाहेर होता. तरीही हा खेळ धोक्याचा नाही असे खोटे आश्वासन कधी देऊ नये. बोटे, मनगट, गुडघा आणि डोके यांना इजा होऊ शकते, आणि ती शक्यता कबूल करून काय काळजी घेतो ते सांगितले तरच विश्वास बसतो.

पहिला क्लब, पहिली फेरी

परदेशी पोहोचल्यावर प्रथम क्लबच्या प्रशिक्षकाला पत्र लिहून आपली उंची, वजन, कुस्तीचा अनुभव आणि जुन्या दुखापती कळवाव्यात. स्त्रियांचा वेगळा सराव आहे का, नवोदितांना उसने चिलखत मिळते का आणि त्यात लहान मापाचे शिरस्त्राण आहे का, हे आधीच विचारावे. फ्रान्स, पोलंड अशा युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, परंतु प्रवासविम्याच्या बहुतेक पॉलिसींत लढतीचे खेळ वगळलेले असतात. वगळलेल्या गोष्टींची यादी शेवटपर्यंत वाचून, खेळाचा समावेश असलेली पॉलिसी वेगळी घ्यावी.

पहिल्या फेरीत कोणालाही पाडायला जाऊ नये. शिरस्त्राणाच्या तोंडावरील झडपेच्या फटीतून समोरची एक अरुंद पट्टीच दिसते, बाजूचे काहीही दिसत नाही आणि स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो, त्यामुळे मन गोंधळते. कठड्याजवळ राहावे, एक हात किंवा खांदा त्याला टेकवून पाय रुंद ठेवावेत, मान थोडी आत घ्यावी, आणि आपल्या संघातील अनुभवी खेळाडूच्या शेजारून हलू नये. तिने एखादीला गुंतवले की बगलेतून जाऊन दोघींच्या वजनाने तिला पाडावे. एकास दोन अशी गाठ घालणे हीच सांघिक लढतीची मुख्य युक्ती आहे. पडलो तर हात लांब करून अंग सावरू नये, हनुवटी छातीला लावून कुशीवर पडावे आणि पंचांनी फेरी थांबवेपर्यंत तेथेच राहावे. कोणताही पट्टा तुटला, झडप उघडली किंवा श्वास अडला, तर एक गुडघा टेकून हात वर करावा आणि बाद व्हावे.

डोक्याला जोराचा फटका बसल्यावर डोके दुखणे, मळमळ, प्रकाश सहन न होणे, उत्तर द्यायला वेळ लागणे यांपैकी काहीही जाणवले, तर त्या दिवशी पुन्हा शिरस्त्राण चढवू नये, मग संघ अंतिम फेरीत असला तरी चालेल. पहिले दोन दिवस एकटे राहू नये आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, टप्प्याटप्प्याने सरावाला परतावे. दुसरा धक्का पहिला भरून येण्याआधी बसला तर त्याचे परिणाम फार गंभीर होऊ शकतात, आणि शिस्तीने थांबणारी खेळाडू संघाला पुढच्या हंगामातही मिळते.

निगा

लढत संपल्याच्या दिवशीच चिलखत पुसावे. घामातील मीठ रात्रभरात पत्र्यावर डाग पाडते. कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा, पट्ट्यांच्या चामड्याला तेल लागू देऊ नये, आणि प्रत्येक रिव्हेट अंगठ्याने दाबून सैल झाली आहे का ते पाहावे. गँबेसन उलटे करून उन्हात वाळवावे. ते पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून सलग दोन दिवसांच्या स्पर्धेला दुसरे, निदान पातळ, गँबेसन सोबत न्यावे. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हवा कोरडी असते आणि पोलाद चांगले राहते. त्या चार महिन्यांत मात्र प्रत्येक भाग तेल लावून सुती कापडात वेगळा गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, आणि पंधरवड्यातून एकदा सगळे उघडून पाहावे.